काळोखाचे बारसे : ‘फिल्म न्वार’ची जन्मकथा

एखाद्या मुलाचे बारसे आईबापांना पत्ताही लागू न देता परगावच्या लोकांनी उरकावे आणि पुढे सगळ्या जगाने त्याला त्याच नावाने ओळखावे, असा प्रकार चित्रपटाच्या इतिहासात एकदा घडला आहे. १९४०मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि तिथल्या पडद्यावरून अमेरिकी चित्रपट नाहीसे झाले. युद्ध संपल्यावर, १९४६च्या मे महिन्यात, फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि त्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे साचलेले चित्रपट पॅरिसमध्ये एकदम येऊन थडकले. त्यांत ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) होता. ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’ आणि ‘डबल इन्डेम्निटी’ हे १९४४चे तीन होते. अमेरिकेच्या प्रेक्षकाने ते तीन वर्षांच्या अंतराने, विनोदी आणि संगीतपटांच्या गर्दीत पाहिले होते. पॅरिसच्या प्रेक्षकाने ते लागोपाठ पाहिले, आणि त्याला त्यांत एक समान काळोख दिसला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लेक्रां फ्रांसे’ या साप्ताहिकात नीनो फ्रांक या समीक्षकाने लिहिले, की या चित्रपटांत खुनी कोण या कोड्यापेक्षा माणसे अशी का वागतात याला महत्त्व आहे. त्यांच्यासाठी त्याने ‘न्वार’ म्हणजे ‘काळे’ हे विशेषण वापरले. नोव्हेंबरमध्ये ज्याँ-पिएर शार्तिए या दुसऱ्या समीक्षकाने तोच शब्द उचलला, पण नाक मुरडून. या चित्रपटांतली निराशा त्याला रुचली नव्हती. शब्दही कोरा नव्हता. १९३८-३९च्या सुमारास मार्सेल कार्नेच्या ‘ल के दे ब्रूम’सारख्या फ्रेंच चित्रपटांवर टीका करताना तिथल्या वृत्तपत्रांनी ‘फिल्म न्वार’ असा शेरा मारला होताच. १९४५मध्ये गालिमार या प्रकाशनसंस्थेने गुन्हेगारी कादंबऱ्यांची ‘सेरी न्वार’ ही माला सुरू केली होती. म्हणजे आधी शिवी, मग पुस्तकमालेचे नाव आणि शेवटी परदेशी चित्रपटांचे कूळ, असा या शब्दाचा प्रवास आहे.

हॉलिवूडला याची गंधवार्ता नव्हती. तिथे हे चित्रपट ‘मेलोड्रामा’ किंवा ‘क्राइम मेलोड्रामा’ म्हणून बनत आणि विकले जात. बोर्द आणि शोमतों या दोघा फ्रेंच लेखकांनी १९५५मध्ये या विषयावर पहिले पुस्तक लिहिले. अमेरिकेत पॉल श्रेडरचा गाजलेला निबंध आला तो १९७२मध्ये. तोवर ज्याला न्वारचा काळ म्हणतात तो संपून दशकाहून अधिक लोटले होते.

नाव इतक्या उशिरा पडले, म्हणून जन्मकथाही मागाहून रचली गेली. ती बहुतेक पुस्तकांत तीन वाक्यांत सांगितलेली असते. जर्मन एक्स्प्रेशनिझमने सावल्या दिल्या. अमेरिकेच्या स्वस्त मासिकांतल्या रोखठोक गुन्हेगारी कथांनी पात्रे दिली. महायुद्धाने निराशा दिली. तिन्हींत तथ्य आहे. पण ही उत्तरे एका सोप्या कसोटीवर घासून पाहता येतात. सुदैवाने हॉलिवूडनेच ती कसोटी आपल्यासाठी तयार करून ठेवली आहे : एकाच कादंबरीवर, एकाच स्टुडिओने, दहा वर्षांत तीनदा काढलेला चित्रपट.

एक पक्षी, तीन पिंजरे

‘द माल्टीज फाल्कन’ ही डॅशिएल हॅमेटची कादंबरी. हॅमेट लेखक होण्यापूर्वी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. ज्या जगाबद्दल तो लिही, तिथे त्याने पगार घेऊन पाळत ठेवलेली होती. ही कादंबरी ‘ब्लॅक मास्क’ या मासिकातून १९२९मध्ये क्रमशः सुरू झाली आणि १९३०मध्ये पुस्तकरूपाने आली. सॅम स्पेड हा त्यातला गुप्तहेर. रत्नजडित समजला जाणारा एक काळा पक्षी, त्याच्या मागे लागलेली लोभी माणसे आणि दर पानाला नवे खोटे बोलणारी एक स्त्री, असा तो मामला.

वॉर्नर ब्रदर्सने १९३१मध्ये तिच्यावर पहिला चित्रपट काढला. दिग्दर्शक रॉय डेल रूथ. कादंबरीशी तो बराच प्रामाणिक आहे, पण त्यातला स्पेड हसरा, बायकांमागे लागणारा छैलछबिला आहे. खोल्या उजेडाने भरलेल्या आहेत. नायिका बाथटबमध्ये दिसते. कोण कोणाबरोबर रात्र काढतो याबद्दल प्रेक्षकाच्या मनात शंका राहत नाही. दुसरा चित्रपट १९३६चा, ‘सेटन मेट अ लेडी’. त्यात पात्रांची नावे बदलली, पक्ष्याच्या जागी रणशिंग आले आणि सगळ्याचा फार्स झाला. तिसरा १९४१चा, जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट, हम्फ्री बोगार्ट नायक. आज न्वारची यादी बहुधा याच्यापासून सुरू होते.

आता तिन्ही उत्तरे लावून पाहू. कादंबरी हेच मूळ असते, तर १९३१चा चित्रपट पहिला न्वार ठरला असता. जर्मन वारसा हे मूळ असते, तर १९३६चा ठरला असता. कारण त्याचा दिग्दर्शक विल्यम डीटर्ले हा अस्सल जर्मन होता. मूर्नाऊच्या ‘फाउस्ट’मध्ये आणि ‘वॅक्सवर्क्स’मध्ये, म्हणजे त्या सावल्यांच्या पाळण्यातच, त्याने नट म्हणून काम केले होते. त्याच्या हातून झाला फार्स, आणि काळोख उतरवला तो मिसूरीत जन्मलेल्या ह्यूस्टनने. आणि युद्धाची निराशा म्हणावी, तर ह्यूस्टनचा चित्रपट ऑक्टोबर १९४१मध्ये प्रदर्शित झाला. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले ते डिसेंबरात.

मग १९३१ आणि १९४१ यांच्यामध्ये काय बदलले? माझ्या मते उत्तर एका कार्यालयात आहे.

ब्रीनचे कार्यालय

सरकारी सेन्सॉरशिप येऊ नये म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी १९३०मध्ये स्वतःवर एक निर्मिती-संहिता लादून घेतली. चार वर्षे ती कागदावरच राहिली. १९३४मध्ये जोसेफ ब्रीन या कडव्या कॅथलिक गृहस्थाच्या हाती तिची अंमलबजावणी आली आणि त्याच्या शिक्क्याशिवाय मोठ्या चित्रपटगृहांचे दार उघडेना. व्यभिचार आकर्षक दाखवायचा नाही. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये. गुन्ह्याची पद्धत तपशिलाने दाखवायची नाही. अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे. १९३६मध्ये वॉर्नरने आपला जुना १९३१चा ‘फाल्कन’ पुन्हा प्रदर्शित करायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. पाच वर्षांपूर्वी राजरोस चाललेला चित्रपट आता अश्लील ठरला होता.

ह्यूस्टनपुढे म्हणून पेच असा होता : कादंबरी तीच, तिच्यातली माणसे तितकीच भ्रष्ट, पण ते उघड बोलायची बंदी. त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. स्पेड खोटारड्या ब्रिजिडवर ओणवतो, तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर जाते. पडदा वाऱ्याने हलतो आहे, खाली रस्त्यावर पाळतीवरचा पोरगा उभा आहे, आणि दृश्य काळोखात विरते. १९३१मध्ये शृंगार दिसला होता. १९४१मध्ये शृंगार झाकला गेला आणि त्याच्या जागी पाळत आली. चित्रपटाच्या अखेरीस ब्रिजिडला पोलीस घेऊन जातात, तेव्हा लिफ्टच्या जाळीच्या दारामागे तिचा चेहरा दिसतो. तुरुंग दाखवलेला नाही; गजांचा आभास पुरतो. जे सांगता येत नाही ते खिडकी, जाळी आणि सावली यांच्यावर सोपवायचे, ही न्वारची भाषा इथे तयार होताना दिसते.

या भाषेचा सर्वांत पूर्ण नमुना ‘डबल इन्डेम्निटी’. १९२७मध्ये न्यूयॉर्कात रूथ स्नायडर नावाच्या बाईने प्रियकराच्या मदतीने नवऱ्याचा विम्यासाठी खून केला. पुढच्या वर्षी तिला विजेच्या खुर्चीत बसवले गेले. या खटल्यावरून पूर्वी पत्रकार असलेल्या जेम्स एम. केनने कथा रचली. १९३५मध्ये ती स्टुडिओंच्या टेबलांवरून फिरू लागली तेव्हा ब्रीनच्या कार्यालयाने ती चित्रपटाला सर्वस्वी अयोग्य ठरवली, आणि सगळ्यांनी हात आखडता घेतला. केनच्याच ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’चे हक्क एमजीएमने १९३४मध्ये घेऊन ठेवले होते; चित्रपट निघाला १९४६मध्ये! तोवर फ्रान्समध्ये १९३९ला आणि इटलीत १९४३ला त्या कादंबरीवर चित्रपट होऊनही गेले होते. त्यांतला इटालियन चित्रपट म्हणजे व्हिस्कोंतीचा ‘ओस्सेस्सिओने’. मुसोलिनीचा सेन्सॉर काही मवाळ नव्हता, पण त्याचे नियम निराळे होते. तिथे तीच गोष्ट घाम, धूळ आणि रखरखीत ऊन घेऊन आली. जाणकार तिला नववास्तववादाची नांदी मानतात.

बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी १९४३मध्ये ‘डबल इन्डेम्निटी’ची पटकथा लिहिली, तेव्हा संहितेची एकेक अट त्यांनी कथनाच्या युक्तीत बदलली. विमा-एजंट वॉल्टर नेफ पहिल्याच प्रसंगात जखमी अवस्थेत रात्री कचेरीत येतो आणि डिक्टाफोनवर कबुली देऊ लागतो. अपराध्याला शिक्षा हवी ना? मग ती आधीच होऊन गेलेली आहे. उरलेला चित्रपट फ्लॅशबॅक. फ्लॅशबॅक आणि निवेदकाचा थकलेला आवाज ही न्वारची ओळख झाली. तिच्यामागे नियतिवादाचे तत्त्वज्ञान पाहिले जाते. ते असेलही, पण ब्रीनच्या अटीतून निघायची ती पळवाटही होती. खुनाची पद्धत दाखवायची नाही? मोटारीत नवऱ्याचा जीव जात असताना कॅमेरा बायकोच्या, बार्बरा स्टॅनविकच्या, चेहऱ्यावर खिळून राहतो. तिच्या डोळ्यांतले ते समाधान पाहिल्यावर गळा आवळणारे हात दाखवायची गरज उरत नाही. कादंबरीचा शेवट जोडीच्या आत्महत्येत आहे. आत्महत्या म्हणजे न्यायातून सुटका, म्हणून तोही बदलावा लागला. वाइल्डरने गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा प्रसंग चित्रित केला आणि मग स्वतःच कापून टाकला. नेफ दारातच कोसळतो, त्याचा साहेब त्याची सिगारेट पेटवून देतो, संपले.

न्वारमधली ‘घातकी स्त्री’ही मला या दडपणाची लेक वाटते. इच्छा दाखवायला बंदी, म्हणून ती फिलिसच्या घोट्यावरच्या साखळीत गोळा होते. या स्त्रियांकडे केवळ पुरुषांच्या भीतीचे चित्र म्हणून पाहिले जाते, तेव्हा एक गोष्ट निसटते. ‘लॉरा’ ही कादंबरी व्हेरा कॅस्परीची. ‘द बिग स्लीप’च्या पटकथेवर ली ब्रॅकेट यांचे नाव आहे. ‘फँटम लेडी’ (१९४४) या चित्रपटाची निर्माती जोन हॅरिसन. या काळोखाला आकार देणाऱ्यांत बायकाही होत्या.

ऊन पाहिलेली माणसे

आता जर्मन वारशाकडे परत येऊ. ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ (१९२०)मधल्या सावल्या दिव्यांनी पाडलेल्या नव्हत्या. त्यातल्या कित्येक नेपथ्यावर रंगवलेल्या होत्या. त्यांच्यापासून लॉस एंजेलिसच्या रस्त्यापर्यंत सरळ रेघ ओढणे कठीण आहे. शिवाय ‘डबल इन्डेम्निटी’चा कॅमेरामन जॉन सायट्झ शिकागोचा, मूकपटांच्या जमान्यापासून हॉलिवूडमध्ये मुरलेला. फिलिसच्या बंद घरातली कुबट हवा दिसावी म्हणून त्याने हवेत ॲल्युमिनियमचा बारीक कीस उडवला होता. खिडकीच्या आडव्या पट्ट्यांतून येणाऱ्या उन्हात तो कीस धुळीसारखा तरंगतो.

नुसत्या जर्मन प्रकाशाने न्वार होत नाही, याचा दाखला आपल्याच घरात आहे. ‘सैरंध्री’च्या रंगप्रक्रियेसाठी व्ही. शांताराम जर्मनीला जाऊन आले, आणि पुण्यातला प्रभातचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४) याच्या देवळातल्या गडद छाया आणि राजगुरूच्या डोळ्याचा तो पडदाभर क्लोजअप आजही अंगावर येतो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये योसेफ वीर्शिंग हा म्युनिकहून आलेला कॅमेरामन होता. १९३९मध्ये युद्ध पेटताच इंग्रज सरकारने त्याला स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्याने ‘महल’ (१९४९) चित्रित केला. उगम तोच, सावल्याही तितक्याच दाट. पण इथे एकदा धर्मसंघर्षाचा पौराणिक वळणाचा पट झाला आणि एकदा पुनर्जन्माची भूतकथा. न्वार मुंबईत आला तो पुढे, गुरुदत्तच्या ‘बाझी’पासून (१९५१), आणि तोही हॉलिवूडमार्गे.

मग निर्वासितांनी आणले काय? १९३०मध्ये बर्लिनच्या काही तरुणांनी ‘मेन्शेन आम सोनटाग’, म्हणजे ‘रविवारची माणसे’, हा मूकपट काढला. दिग्दर्शनात रॉबर्ट सिओडमाक आणि एडगर उल्मर, लेखनात बिली वाइल्डर, कॅमेऱ्याच्या मदतीला फ्रेड झिनेमान. धंदेवाईक नट नाहीत. चार-पाच साधी माणसे सुटीच्या दिवशी तळ्यावर जातात, पोहतात, खातात, थट्टा करतात, आणि सोमवारी पुन्हा कामाला लागतात. अख्खा चित्रपट उन्हाने न्हालेला आहे. तीन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. हे सगळे ज्यू तरुण एकामागून एक हॉलिवूडला पोहोचले. सिओडमाकने ‘फँटम लेडी’ आणि ‘द किलर्स’ केले, उल्मरने ‘डिटूर’, वाइल्डरने ‘डबल इन्डेम्निटी’. वाइल्डरची आई मागे राहिली. नाझींच्या संहारात ती मारली गेली. या माणसांनी सावल्यांचे तंत्र सामानात बांधून आणले असे म्हणण्यापेक्षा, ओळखीचे शहर रविवारचे सोमवारी कसे परके होते हे त्यांनी पाहिले होते असे म्हणावे. शेजाऱ्यावर, पोलिसावर, न्यायालयावर विश्वास टाकताना त्यांची पात्रे कचरतात ती उगीच नाही.

टंचाईचा प्रकाश

बंदी आणि निर्वासन यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली, टंचाई. १९४२मध्ये अमेरिकी सरकारच्या युद्धोत्पादन मंडळाने प्रत्येक चित्रपटाच्या नेपथ्यासाठी नव्या सामानावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. लाकूड, खिळे, कापड सगळे मोजून. किनाऱ्यावरच्या शहरांत रात्री दिवे मंद ठेवण्याचा हुकूम होता.

हॉलिवूडची नेहमीची प्रकाशयोजना तीन दिव्यांची : चेहरा उजळणारा की लाइट, त्याने पडलेल्या सावल्या मऊ करणारा फिल लाइट आणि माणसाला पार्श्वभूमीपासून सोडवणारा बॅकलाइट. यातला मधला काढून घेतला की अर्धा चेहरा नाहीसा होतो आणि सावलीला धार येते. भिंत काळोखात गेली की ती बांधावी लागत नाही. जुनेच नेपथ्य असेल तर ओळखू येत नाही. ‘डिटूर’मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता म्हणून आपण पाहतो ते बरेचसे धुके आणि रस्त्यांच्या नावांच्या पाट्या! ‘फँटम लेडी’तल्या खुनाच्या खटल्यात न्यायाधीश आणि आरोपी दिसतच नाहीत. बाकांवरचे बघे आणि टिपणे घेणाऱ्याची वही दिसते, बाकी नुसते आवाज. खर्च वाचला, आणि एका निरपराध माणसाचे मरण ही गर्दीची करमणूक आहे हेही कळले. पुढे जॉन ऑल्टन या हंगेरीत जन्मलेल्या कॅमेरामनने अशा मोजक्या दिव्यांच्या वापराचे शास्त्रच बनवले. ‘टी-मेन’ (१९४७) पाहावा. १९४९मध्ये त्याने ‘पेंटिंग विथ लाइट’ हे पुस्तकही लिहिले.

नावे सांगा

ही शैली घडवणाऱ्यांवरच पुढे तिच्या कथानकांसारखी वेळ आली. १९४७मध्ये एडवर्ड डिमिट्रिकने ‘क्रॉसफायर’ दिग्दर्शित केला. निर्माता एड्रियन स्कॉट. मूळ कादंबरीत एका समलिंगी माणसाचा द्वेषापोटी खून होतो. संहितेत तो विषय निषिद्ध, म्हणून चित्रपटात मारला जाणारा ज्यू झाला. अमेरिकेतल्या ज्यूद्वेषावर इतके थेट बोलणारे चित्रपट तेव्हा विरळा. त्याच वर्षी ऑक्टोबरात संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ चौकशी समितीने डिमिट्रिक आणि स्कॉट यांना बोलावले. कम्युनिस्ट आहात का, या प्रश्नाला उत्तर नाकारणाऱ्या दहा जणांना तुरुंगात जावे लागले. १९५१मध्ये डॅशिएल हॅमेटही तुरुंगात गेला. जामीनफंडाला पैसे देणाऱ्यांची नावे सांगायला त्याने नकार दिला होता. सॅम स्पेडच्या जन्मदात्याने तोंड उघडले नाही. शिक्षा भोगून आलेल्या डिमिट्रिकने मात्र त्याच वर्षी समितीपुढे नावे सांगितली. त्यांत स्कॉटचे नाव होते, आणि ‘द नेकेड सिटी’ (१९४८)साठी कॅमेरा न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर नेणाऱ्या ज्यूल्स दासँचेही.

न्वारची जन्मकथा म्हणून मला सावल्यांच्या वंशावळीत शोधावीशी वाटत नाही. कादंबरी होती, जर्मन होते, युद्ध होते. पण या सगळ्यांना एकत्र बांधले ते उघड बोलण्याच्या बंदीने. संहितेने झाकायला लावले, टंचाईने विझवायला लावले, आणि निर्वासितांना झाकलेल्या गोष्टींचा अनुभव होता. म्हणूनच पुढे रंग आले, दूरचित्रवाणी आली, १९६८मध्ये संहिता गेली, तेव्हा तसे चित्रपट पुन्हा निघाले तरी त्यांतला काळोख आवडीने निवडलेला होता. पूर्वी तो निवडीचा नव्हता. बंदीचे गोडवे गावेत असा याचा अर्थ मुळीच नाही. तिने किती कथा गिळल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि ‘क्रॉसफायर’मधला मूळ माणूस तर पडद्यावर आलाच नाही.

काळ्या यादीत गेलेल्या दासँला अमेरिकेत काम मिळेना. काही वर्षे रिकामी गेल्यावर तो पॅरिसला, म्हणजे जिथे या चित्रपटांचे बारसे झाले त्याच शहरात, उभा राहिला. बोर्द आणि शोमतों यांचे पुस्तक आले त्याच १९५५मध्ये त्याचा ‘रिफिफी’ प्रदर्शित झाला आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाच्या पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला. त्यातला दागिन्यांच्या दुकानावरच्या दरोड्याचा प्रसंग सुमारे अर्धा तास चालतो; त्यात एकही शब्द नाही, संगीत नाही. टोळीतला तिजोरी फोडणारा सेझार पुढे धाकाने साथीदाराचे नाव सांगतो, आणि टोळीच्या रिवाजाप्रमाणे त्याला मरावे लागते. ती भूमिका दासँने टोपणनावाने स्वतः केली आहे.